निरोध-सुया वाटपाचा खर्च नेमका कुणाच्या खिशातून? (सांगली)

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. जरा पेचात आहे. आमच्या अपार्टमेंटमधला तळमजल्याचा ब्लॉक एका संस्थेने भाड्याने मागितलाय. काम एचआयव्ही प्रतिबंधाचं. देहविक्रय करणाऱ्या बायका दुपारी येऊन बसणार, डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, तपासणीला सिव्हिलला पाठवणार, निरोध देणार. याला 'ड्रॉप-इन सेंटर' म्हणतात म्हणे. घरमालक पुण्याला असतात, त्यांना कुणी का राहीना, भाडं आलं म्हणजे झालं.

आमच्यातल्या काहींनी आयुक्तांना द्यायला निवेदन तयार केलंय. त्यातलं वाक्य असं: 'आमच्या घरपट्टीच्या पैशातून असले उद्योग आम्हाला मान्य नाहीत.' सतरा सह्या झाल्यात. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून माझ्या सहीसाठी कागद अडलाय. रविवारी बैठक.

नैतिकतेवर चर्चा नको, ती जिन्यात रोज फुकट ऐकतोय. मला फक्त पैशाचं सांगा. हा खर्च कोण करतं, साधारण किती असतो, आणि त्यातून सरकारचं काही वाचतं का? दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, हे लोक नशेकऱ्यांना सुयासुद्धा वाटतात. तेही खरं का?

कृष्णाकाठ_७५:
घरपट्टी असूंदे न्हाईतर आणि कुठली पट्टी, पैसा आपलाच की हो. हितं बेदाण्याला दर न्हाई, दवाखान्यात गेलं तर गोळ्या बाहेरनं आणा म्हणत्यात, आणि ह्यास्नी फुकट वाटाय पैसा हाय. सही करून मोकळं व्हा सेक्रेटरी.

जुना हिशेबनीस:
विश्रामबागकर, मी अकरा वर्षं अशाच एका संस्थेत हिशेब लिहिले. नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल दोन वाईट गोष्टीही लिहिणार आहे.

आधी घरपट्टीचं निकालात काढू. निवेदनातलं ते वाक्य खोडा, ते चूक आहे. या कामाला आमच्याकडे 'टीआय' म्हणतात, टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे लागणीचा धोका जास्त असलेल्यांमध्ये जाऊन करायचं काम. त्याचा पैसा दिल्लीतून नॅकोकडून, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडून निघतो, मुंबईला वडाळ्यात राज्य एड्स नियंत्रण सोसायटीकडे येतो आणि तिथून संस्थेच्या खात्यात जमा होतो. महापालिका या वाटेत कुठेच उभी नाही. आयुक्तांकडे निवेदन दिलंत तर ते बहुधा शेरा मारून सिव्हिलमधल्या डापकूकडे पाठवतील, म्हणजे जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे. तिथले लोक तुम्हाला चहा पाजून हेच सांगतील.

आता किती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा एप्रिल २०२१ ते मार्च २०२६ असा मंजूर झाला, १५,४७१.९४ कोटी रुपयांचा, सगळा केंद्राचा पैसा. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण पाच वर्षांनी आणि १४० कोटी माणसांनी भागा. माणशी वर्षाला बावीस रुपये येतात. सांगलीत बावीस रुपयांत भडंगाचं बरं पाकीट येत नाही. आणि या बावीस रुपयांत सगळंच आलं: तपासण्या, औषधं, रक्तपेढ्यांचं काम, जाहिराती. निरोधवाटप हा त्यातला एक तुकडा. कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पैसा आपलाच. पण घरपट्टी नव्हे, आणि तुम्ही समजता तेवढा नव्हे.

आता जिथे मी खरा बसलो होतो तिथे येतो. लोकांना वाटतं खर्च म्हणजे निरोध. निरोध तर सरकारकडून खोक्यांनी फुकट येतो. १९६८ साली तो बाजारात आला तेव्हा पंधरा पैशाला तीन होते. महाग तो तेव्हाही नव्हता. आमच्या खर्चाच्या वहीत त्याची किंमतच नव्हती. वहीत काय होतं? पिअरचं मानधन, ओआरडब्ल्यूचा (वस्तीत फिरणाऱ्या आउटरीच वर्करचा) प्रवास, सेंटरचं भाडं, डॉक्टरची फी, लाइट बिल. पिअर म्हणजे त्याच वस्तीतली बाई. साठेक बायकांमागे एक. ती दारोदार जाते, कोण नवीन आली, कोण गाव सोडून गेली, कुणाला अंगावरून जातंय आणि कोण लाजून सांगत नाही, हे तिला ठाऊक असतं. खर्च आहे तो तिच्या पायांचा.

हे मला कळलं ते पुराच्या वर्षी. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं. आमचं ऑफिस गावभागात, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर आत गुडघाभर चिखल, कपाट पालथं, आणि निरोधचे खोके फुगून फुटलेले. चंदेरी पाकिटं चिखलात अशी चमकत होती की आमच्या शिपायाला आधी मासे वाटले. साठा रद्द करायचा तर पंचनामा हवा. फॉर्मात रकाना होता: 'नुकसानीची रक्कम'. मी साठा रजिस्टर उघडलं, तर किमतीच्या जागी सगळीकडे शून्य, कारण माल फुकट आलेला. शून्य लिहिलं तर फॉर्म परत आला, म्हणे नुकसान नसेल तर पंचनामा कशाला. अंदाजे रक्कम लिहिली तर पुन्हा परत, म्हणे आधार दाखवा. चार महिने तो कागद फिरत होता.

आणि त्याच आठवड्यात आमच्या दोन पिअर, ज्यांच्या स्वतःच्या खोल्या पाण्यात होत्या, त्यांनी माळ्यावर उरलेले दोन खोके डोक्यावर घेतले आणि बायका ज्या शाळेत हलवल्या होत्या तिथे नेले. बरोबर एका डब्यात सिव्हिलच्या गोळ्या, ज्यांच्या भिजल्या त्यांच्यासाठी दुसऱ्याच दिवशी उभं राहून आणलेल्या. या दोघींचा रिक्षाचा खर्च १८० रुपये. पावती नव्हती. पुरात कोण पावती देतो? तो खर्च नामंजूर झाला. मी खिशातून दिला हे सांगून मोठेपणा घेत नाही. सांगतोय ते एवढ्यासाठी की ज्याला किंमत नव्हती त्या मालाचा कागद चार महिने चालला आणि ज्यामुळे माल पोचला ते १८० रुपये बसले नाहीत.

आता 'वाचतं का' ते. त्याआधी, म्हणजे २००१ ते २००३, मी मिरजेत एका औषधाच्या दुकानात वह्या लिहीत होतो. मिशनच्या दवाखान्यामुळे मिरजेला कर्नाटकापर्यंतचे पेशंट येतात, त्यात एचआयव्हीचे पेशंटही असायचे. सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधं मिळून वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ असं जाहीर केलं, आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला. जगभर गाजलं, कारण तोवर परदेशी कंपन्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. पण आमच्या काउंटरवर उभ्या माणसाला तेही कुठलं झेपायला. एक ट्रकवाला यायचा. महिन्याच्या गोळ्या कधीच घेतल्या नाहीत. दहा दिवसांच्या, कधी सहा दिवसांच्या. मालक कात्रीने पट्टी कापून द्यायचे आणि तारीख असलेला तुकडा स्वतःकडे ठेवायचे. मग तो दोन महिने दिसायचा नाही. पुन्हा आला की जास्तच वाळलेला. अशा तुटक गोळ्यांनी विषाणू उलट निर्ढावतो हे मला फार नंतर कळलं. एकदा त्याच्याऐवजी त्याची बायको आली आणि उरलेल्या चार गोळ्या परत घेता का विचारलं. कापलेली पट्टी, परत कशी घेणार? मालकांनी घेतली.

एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. म्हणजे तो खर्च लोकांच्या शेतजमिनीवरून आणि मंगळसूत्रावरून उठून सरकारच्या तिजोरीवर आला. आणि तो एका वर्षाचा नाही. आज लागण झालेल्या पंचवीस वर्षांच्या पोराला तो जगेल तितकी वर्षं रोज गोळी द्यायची आहे. त्यामुळे कृष्णाकाठ, 'ज्याचं त्यानं भोगावं' असं कुणी म्हणेल तर तो पर्याय आता हिशेबात नाहीच. भोगणाऱ्याचं बिल २००४ पासून आपण भरतोय.

एक बाहेरचा आकडा देतो. २००३ साली गेट्स फाउंडेशनच्या पैशावर 'आवाहन' नावाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. पुढे सरकारने तो आपल्याकडे घेतला. दक्षिणेतल्या आणि महाराष्ट्रातल्या बावीस जिल्ह्यांचा त्याचा हिशेब लॅन्सेटच्या जागतिक आरोग्याच्या अंकात २०१४ मध्ये आला. चार वर्षांत सुमारे ६१ हजार लागणी टळल्याचा अंदाज, आणि टळलेल्या एका लागणीमागे खर्च ७८५ डॉलर. त्या वेळच्या भावाने पस्तीस-छत्तीस हजार रुपये, एकदाच. हा मॉडेलवरचा अंदाज आहे, मोजलेली डोकी नव्हेत. हिशेबनीस म्हणून मला अंदाज आवडत नाहीत. पण अर्धा चुकला असं धरलं तरी समोर आयुष्यभराची औषधं, तपासण्या आणि बुडालेला रोजगार आहे.

आता वाईट गोष्टी. पहिली: निरोधाची गरज आमच्याकडे कागदावर ठरायची. एका बाईचे दिवसाचे गिऱ्हाईक, गुणिले दिवस, गुणिले बायका. वाटप त्या आकड्याला जुळलं नाही की वरून प्रश्न. मग वाटप जुळायचं. महिनाअखेर एकाच निळ्या पेनाने, एकाच बसण्यात भरलेली रजिस्टरं मी पाहिलीत. दुसरी: हप्ता वेळेवर यायचा नाही. यूसी, म्हणजे पैसा खर्च झाल्याचा दाखला, गेलं नाही म्हणून हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून ऑडिट रखडलं, ऑडिट नाही म्हणून यूसी नाही. अशात सगळ्यात आधी थांबायचं ते पिअरचं मानधन, कारण त्याला मानधन म्हणतात, पगार नाही. पैसा वाया जातो का विचाराल तर जातो. पण तो निरोधात जात नाही, इथे जातो.

सुयांबद्दल: माझ्या अकरा वर्षांच्या वहीत सुयांचा रकाना नव्हता. देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या टीआयमध्ये तो नसतोच, इंजेक्शनने नशा करणाऱ्यांचे टीआय वेगळे असतात. काकांना सांगा.

मिरजेची सिस्टर:
हिशेबनीस काकांनी बहुतेक सांगितलंच. मी सुयांवर थोडं लिहिते, कारण काही वर्षं मुंबईला अशा केंद्रात होते.

मणिपूर, नागालँड, मिझोरम, पंजाब, दिल्ली, मुंबई इथे ही केंद्रं आहेत. नवी सुई देतात, जुनी परत घेतात. परत घेणं लोक विसरतात. परत आलेली सुई म्हणजे गटारात, कचऱ्यात, कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात न गेलेली सुई. आम्ही त्या मोजायचो आणि डब्यात टाकायचो, हाताला जाड मोजे घालून. नशा सोडायला तयार झालेल्यांना जिभेखाली ठेवायची, तलफ शमवणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी द्यायची, तीही रोज, समोर बसवून, पूर्ण विरघळेपर्यंत. 'आ करा' म्हणायचं. पहिल्या दिवशी मला लाज वाटली, मोठा बाप्या माणूस, आ काय करायला लावायचं.

काकांच्या हिशेबात एक रकाना वाढवते: कावीळ. सुईवाटे एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस सी फार सहज पसरतो. २०१८ च्या जुलैपासून त्याचंही औषध सरकारी कार्यक्रमात फुकट आहे, बहुतेकांना बारा आठवड्यांत बरं वाटतं, नुसतं वाटत नाही, विषाणू जातो. पण एकदा बरा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असं नाही. वापरलेली सुई पुन्हा टोचली की पुन्हा लागण, पुन्हा बारा आठवडे, पुन्हा सरकारी खर्च. सुई स्वस्त पडते.

आणि कुणाला वाटत असेल की हे बेकायदा आहे, तर २०१७ चा एचआयव्ही कायदा बघा, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कलम २२. लागण टाळण्यासाठी निरोध देणं, स्वच्छ सुई देणं, ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध देणं हा गुन्हा धरता येत नाही. सोसायटीच्या बैठकीला ते पान छापून न्या.

कृष्णाकाठ_७५:
बरं. एक इचारतो. आमच्या गाडीवर एक पोरगा हाय, बेदाणा घिऊन दिल्लीपतोर जातो. त्याला तपासून घ्याचं झालं तर पैशे किती पडत्यात? माझ्यासाठी न्हवं.

जुना हिशेबनीस:
शून्य. सिव्हिलला आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणीची खोली आहे. आधी बोलतात, मग रक्त घेतात, नाव बाहेर जात नाही. फोनवर विचारायचं तर १०९७, फुकट आहे, रात्रीही लागतो. ड्रायव्हर लोकांसाठी वेगळे टीआय असतात, हमरस्त्यावर जिथे गाड्या थांबतात तिथे.

आईची पिशवी:
मी हे सगळं वाचून दोन दिवस लिहू की नको करत होते. माझी आई पिअर होती. सांगलीतल्या गोकुळनगर वस्तीत. म्हणून हिशेबनीस काकांच्या एका गोष्टीवर बोलते.

काका, तुम्ही पायांचा खर्च म्हणालात. पायांचा होताच. पण तुमच्या वहीत वेळेचा रकाना नव्हता. बायकांचं काम सुरू व्हायचं रात्री, आणि आई त्याच वेळी जायची, कारण दुपारी दार उघडणारी बाई रात्री निरोध संपला तरी गिऱ्हाईक घेणारी बाई नसते असं ती म्हणायची. साडेनऊ ते बारा. तिच्याकडे काळी रेक्झिनची पिशवी होती, तळाला निरोध, वर भाजी, सगळ्यात वर आमच्या शाळेची कुठली तरी वही. पोलिसांनी उघडली तर आधी वही दिसावी म्हणून. कारण तेव्हा पिशवीत निरोध सापडला की तोच धंद्याचा पुरावा. सरकारच निरोध देणार आणि सरकारचाच माणूस त्यासाठी ठाण्यात नेणार.

सांगलीला हे काम नवीन आहे असं कुणी बैठकीत म्हटलं तर सांगा, 'संग्राम' ही संस्था इथे १९९२ पासून आहे. आणि ज्या बायकांना लोक 'वाटप घेणाऱ्या' समजतात त्यांनीच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. अमेरिकेच्या सरकारी पैशाला अट होती की आधी वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्या. २००५ मध्ये संग्रामने सही केली नाही आणि पैसा सोडला. तेव्हा मी शाळेत होते. घरी एवढंच कळलं होतं की पैसे येणार होते ते आता येणार नाहीत, आणि आई त्या रात्रीसुद्धा साडेनऊला पिशवी घेऊन बाहेर पडली.

सेक्रेटरी साहेब, तुमच्या इमारतीत दुपारी येऊन बसणाऱ्या बायकांना पंखा, पाणी आणि आतून लागणारी कडी असलेलं संडास हवं असतं. आईच्या सेंटरमध्ये सगळ्यात जास्त रांग त्या संडासाला असायची.

जुना हिशेबनीस:
ताई, वेळेचा रकाना खरंच नव्हता. रात्रीचं जाणं-येणं लिहिलं तर 'कार्यालयीन वेळेबाहेर' म्हणून लाल शेरा यायचा. मग आम्ही सगळं दुपारी चारला झालेलं दाखवायचो. हेही त्या निळ्या पेनात धरा.

विश्रामबागकर:
सगळ्यांचे आभार. रविवारची बैठक झाली. घरपट्टीचं वाक्य मी वाचून दाखवलं आणि ते चूक आहे एवढं सांगितलं. नॅको, वडाळा, बावीस रुपये, सगळं. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, 'बावीस तर बावीस, पण आमच्या जिन्यात का?' त्यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

मग खरी गोष्ट बाहेर आली. निम्म्या लोकांची तक्रार होती की पार्किंगमध्ये बाहेरच्या गाड्या लागतील, आणि उरलेल्यांची की बोअरचं पाणी पुरणार नाही. तळमजल्याला पाण्याचा वेगळा मीटर आणि मागच्या गेटचा वापर, यावर सात जणांनी निवेदनावरची सही मागे घेतली. दहा जण ठाम आहेत, ते आपलं निवेदन देणार आहेत. मी सही केली नाही. बायकोने मागच्या गेटजवळच्या जुन्या संडासाला कडी बसवायला माणूस बोलावलाय, तिने हा धागा माझ्या फोनवर वाचला.

हिशेबनीस काका, शेवटचं एक. पुण्याचे घरमालक विचारतायत, भाडं दर महिन्याला वेळेवर येईल ना? काय सांगू?

जुना हिशेबनीस:
येणार नाही. मार्चनंतर दोन-तीन महिने थकेल, मग एकदम येईल. करार अकरा महिन्यांचा करा, अनामत तीन महिन्यांची घ्या आणि भाड्याची पावती संस्थेच्या नावाने, तारखेसकट, रेव्हेन्यू तिकीट लावून द्यायला सांगा. तिकीट नसलं तर तोही खर्च नामंजूर होतो.